सांडपाणी ते पिण्याचं पाणी: सोसायटीने कुठवर जावं आणि शहराने कुठून सुरुवात करावी

२०२५च्या एप्रिलमध्ये मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला, त्या आठवड्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कमिटीची तातडीची बैठक झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सरळ विचारलं, "खाली एसटीपी आहे. रोज इतकं पाणी साफ होऊन गटारात जातं. त्यालाच एक मोठा आरओ लावला तर टँकर हवाय कशाला?"

एसटीपी म्हणजे इमारतीचं सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प. निम्म्या लोकांनी नाक मुरडलं. उरलेले म्हणाले, घराघरात आरओ आहेच, मग एक मोठा बसवायला काय हरकत आहे? मी बरीच वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत आणि आता आमच्या एसटीपीची जबाबदारी माझ्याकडे आहे. काकांना त्या दिवशी दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

थोडक्यात सांगायचं तर गटाराचं पाणी पिण्याजोगं करता येतं, आणि जगात ते पन्नासहून अधिक वर्षं लोक पीत आहेत. पण ते काम शहराचं आहे. सोसायटीने फ्लश, बाग आणि पार्किंग धुण्यापर्यंत जावं, त्यापुढे एक पाऊलही टाकू नये. तेवढंच नीट केलं तरी टँकरचा मोठा भार उतरतो. आणि नीट केलं नाही, तर फ्लशचं पाणीही माणसाला आजारी पाडतं.

आधी वाळवंटातलं शहर बघू

नामिबियाची राजधानी विंडहुक. तिथे वर्षाला साधारण ३६० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. बारमाही नदी तिथून शेकडो किलोमीटर लांब. धरणं आहेत, पण ऊन इतकं की साठवलेलं पाणी वाफ होऊन जातं. म्हणून १९६८ मध्ये या शहराने गोरेआंगाब इथे प्रकल्प उभा केला आणि शुद्ध केलेलं सांडपाणी थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळायला सुरुवात केली. असं करणारं जगातलं ते पहिलं शहर. २००२ मध्ये तिथे नवा प्रकल्प आला, त्याची क्षमता दिवसाला २१ दशलक्ष लिटर आहे.

त्यांची पहिली पायरी कुठल्याही यंत्राची नव्हती. त्यांनी कारखान्यांचं सांडपाणी वेगळ्या वाहिनीने वेगळ्या प्रकल्पाकडे वळवलं आणि पिण्यासाठी फक्त घरगुती सांडपाणी घेतलं. मलमूत्रातले जंतू मारता येतात. पण कारखान्यातून आज कोणतं रसायन येईल आणि उद्या कोणतं, याचा अंदाज बांधून प्रकल्प उभारता येत नाही.

मग जिवाणूंकडून नेहमीचं शुद्धीकरण. त्यानंतर ओझोन, गाळ धरणारी रसायनं, आणि पाण्यात बारीक हवेचे बुडबुडे सोडून तो गाळ वर तरंगवून खरवडून काढणं. मग वाळू आणि अँथ्रासाइट या कठीण कोळशाचे थर. पुन्हा ओझोन. पुढे सक्रिय कोळशाचे थर, ज्यांच्यावर जिवाणूंची वस्ती असते आणि ओझोनने तोडलेले सेंद्रिय घाणीचे तुकडे ते खाऊन टाकतात. मग अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळणं, आणि शेवटी क्लोरीन. यात आरओ नाही, त्यामुळे क्षार निघत नाहीत. म्हणून हे पाणी धरणाच्या पाण्यात मिसळून देतात आणि त्याचं प्रमाण जास्तीत जास्त ३५ टक्के ठेवतात.

मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती वेगळीच आहे. एखाद्या टप्प्यावरचं मोजमाप बिघडलं, तर पाणी शहराकडे जात नाही, प्रकल्पातच गोल फिरत राहतं. वरिष्ठांना विचारायला थांबत नाहीत. हे लक्षात ठेवा, सोसायटीत ते जसंच्या तसं वापरता येतं.

पहिलं काम: कागद घ्या आणि हिशेब करा

१२० घरांची सोसायटी धरा. घरटी साडेचार माणसं, म्हणजे ५४०. माणशी रोज १३५ लिटर हा आपल्याकडे धरला जाणारा आकडा, त्यातले ४५ लिटर फ्लशचे. एकूण वापर ७३ हजार लिटरच्या आसपास. त्यातलं सुमारे ८० टक्के गटारात येतं, म्हणजे एसटीपीत रोज ५८ हजार लिटर. आणि फ्लशची गरज? २४ हजार लिटर. दहा हजारी टँकर धरला तर जवळजवळ अडीच टँकर, रोजचे.

फ्लश भागवूनही तीसेक हजार लिटर उरतात. काकांचा डोळा त्याच पाण्यावर होता. त्यातलं काही बागेला, काही पार्किंग धुवायला जातं. बाकीचं शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथे देता येतं.

तुमचा खरा आकडा मात्र कागदावर मिळणार नाही. एसटीपीत येणाऱ्या, एसटीपीतून निघणाऱ्या आणि गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीत चढणाऱ्या, अशा तीन वाहिन्यांवर मीटर बसवा. फ्लशचा आकडा हिशेबापेक्षा दीडपट निघाला, तर कुठेतरी फ्लश टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय. एसटीपीची क्षमता वाढवायच्या आधी विंगागणिक फिरून ते गळके व्हॉल्व्ह बदला.

दुसरं काम: सकाळची फेरी

वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना पर्यावरण परवानगी लागते आणि त्यात एसटीपीची अट येते. त्यामुळे मुंबईत नव्या टॉवरांखाली एसटीपी असतातच. पण बिल्डर निघून गेल्यावर पुष्कळ ठिकाणी ते फक्त वीज खातात. एसटीपी म्हणजे जिवाणूंचा गोठा. गोठ्यात रोज जावं लागतं. मी सकाळी सात वाजता जातो, वीस मिनिटं लागतात.

दार उघडताच नाकाला विचारा. चांगल्या चाललेल्या एसटीपीला पहिल्या पावसातल्या ओल्या मातीसारखा वास येतो. कुजक्या अंड्याचा वास आला तर कुठेतरी हवा पोहोचत नाही.

मग एअरेशन टाकीवर, म्हणजे जिवाणूंना हवा देतात त्या टाकीवर, या. बुडबुडे बारीक आणि सगळीकडे सारखे हवेत. एकाच जागी उकळी फुटल्यासारखं पाणी उसळत असेल तर तळाशी बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्युझरचा पडदा फाटलाय. एखादा कोपरा शांत असेल तर तिथला डिफ्युझर तुंबलाय. पाण्याचा रंग चॉकलेटी असावा, काळा पडला तर हवा कमी. वर पांढरा हलका फेस दिसला तर जिवाणू कमी आहेत किंवा साबण जास्त आलाय. जाड, तेलकट, गडद तपकिरी साय धरली असेल तर गाळ, म्हणजे जिवाणूंचा साठा, म्हातारा झालाय, काढायला हवा.

आता जार. एक लिटरचा मोजपट्टी असलेला जार हातमोजे घालून एअरेशन टाकीतल्या पाण्याने भरा आणि जिथे कुणाचा धक्का लागणार नाही अशा कट्ट्यावर ठेवा. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग गढूळ पाण्यात दह्याच्या कवड्यांसारखे पुंजके जमायला लागतात आणि एक स्पष्ट रेषा खाली सरकू लागते. तीस मिनिटांनी ती रेषा २५० ते ३५० मिलिलिटरवर असावी आणि वरचं पाणी इतकं नितळ असावं की जारमागे धरलेलं वर्तमानपत्र वाचता यावं.

रेषा पाच मिनिटांत शंभरावर गेली आणि वरचं पाणी धुरकट राहिलं, तर जिवाणूंची संख्या कमी आहे. अर्ध्या तासानंतरही ती सात-आठशेवर अडकली, तर दोन शक्यता असतात: गाळ फार झालाय, किंवा त्यात धाग्यासारखे जिवाणू माजलेत आणि तो फुगलाय. यातलं कुठलं, हे ओळखायचा सोपा मार्ग आहे. अर्धा जार तेच पाणी घ्या, उरलेला शुद्ध केलेल्या पाण्याने भरा आणि पुन्हा तीस मिनिटं थांबा. आता छान बसला तर गाळ जास्त होता, काढून फिल्टर प्रेसला, म्हणजे गाळ पिळणाऱ्या यंत्राला, पाठवा. तरीही बसला नाही तर तो फुगलाय, आणि हवा, तेल, येणारं पाणी हे सगळं तपासावं लागेल. जार तसाच दोन तास राहू द्या. बसलेला गाळ पुन्हा वर तरंगला, तर नायट्रोजनचे बुडबुडे त्याला उचलतायत. तुमच्या सेटलिंग टाकीतही, म्हणजे जिथे गाळ खाली बसवतात तिथे, तो जास्त वेळ पडून राहतोय असा त्याचा अर्थ.

तुमच्याकडे एमबीबीआर पद्धतीचा एसटीपी असेल तर जारचा उपयोग नाही, कारण तिथे जिवाणू प्लास्टिकच्या चकत्यांवर वाढतात. एक चकती काढून बघा. आतल्या कप्प्यांत पातळ तपकिरी थर हवा. चकती स्वच्छ असेल तर जिवाणू नाहीत, भोकं बुजली असतील तर हवा पोहोचत नाही.

विजेचं बिल वाढलं की कमिटीत कुणीतरी सुचवतंच, "रात्री ब्लोअर बंद ठेवू या." कृपा करून ठेवू नका. टाकीत हवा सोडतो तो ब्लोअरच. काही तास हवा तुटली की गाळ सडायला लागतो आणि सावरायला कित्येक दिवस जातात. बिल कमी करायचं असेल तर ब्लोअरला वेग कमीजास्त करणारं यंत्र लावा किंवा टायमरने छोट्या-छोट्या विश्रांती द्या.

आपल्या कॅलेंडरचाही एसटीपीवर परिणाम होतो. मे महिन्यात निम्मी सोसायटी गावी जाते, येणारं सांडपाणी निम्म्यावर येतं आणि जिवाणू उपाशी राहतात. त्या महिन्यात गाळ कमी काढा, हवा थोडी कमी करा. दिवाळीच्या आधी उलटं होतं. घराघरात संडास-बाथरूम घासायला ॲसिड आणि फिनाईल ओतलं जातं, फराळाच्या कढईतलं उरलेलं तेल मोरीत जातं, आणि दोन दिवसांत एसटीपीचं पाणी दुधाळ होतं. आम्ही आता दसऱ्यालाच नोटीस लावतो: तेल बाटलीत भरून खाली ठेवा, ॲसिड अजिबात नको. प्रत्येक घरातल्या मावशींना वॉचमनकडून तोंडी निरोपही देतो. नोटिशीपेक्षा तो निरोप जास्त लागू पडतो.

तिसरं काम: गाळणी आणि क्लोरीन

सेटलिंग टाकीतून निघालेलं पाणी वाळूच्या फिल्टरमधून आणि मग कार्बन फिल्टरमधून जातं. दोन्हींच्या आत-बाहेरच्या दाबातला फरक चौरस सेंटिमीटरमागे अर्ध्या किलोवर गेला की बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा. कार्बन कायम टिकत नाही. पाण्याला पिवळट झाक किंवा वास यायला लागला की बदला.

क्लोरीन मात्र कार्बन फिल्टरच्या नंतरच टाकायचं. मी दोन सोसायट्यांमध्ये हायपोची (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीन देणारं द्रावण) नळी कार्बनच्या आधी जोडलेली पाहिली आहे. कार्बन सगळं क्लोरीन गिळतो, आणि गच्चीवरच्या टाकीत काहीच पोहोचत नाही.

डोस काढणं सोपं आहे. लिटरमागे ५ मिलिग्रॅम धरलं तर २४ हजार लिटरला १२० ग्रॅम क्लोरीन लागतं. हायपो दहा टक्क्यांचं असेल तर रोज सव्वा लिटरच्या आसपास. पण उन्हात ठेवलेलं हायपो झपाट्याने कमजोर होतं. कॅन सावलीत ठेवा, महिन्याभराचा साठा करू नका. आणि डोसवर विश्वास न ठेवता परिणाम मोजा: गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीतलं पाणी घेऊन क्लोरीन मोजायच्या किटमधले थेंब टाका. लिटरमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. भरपूर हायपो टाकूनही ते उरत नसेल तर पाण्यात अमोनिया शिल्लक आहे आणि क्लोरीन त्यातच खर्च होतंय. हायपो वाढवण्यापेक्षा एअरेशनकडे बघा.

दर महिन्याला बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवा. बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत, गढूळपणा २ एनटीयू या एककाच्या आत, आणि १०० मिलिलिटरमध्ये मलजन्य कोलिफॉर्म जिवाणू शून्य, एवढं मी फ्लशसाठीही पाळतो. फ्लशच्या वेळी उडालेले तुषार श्वासात जातात, म्हणून.

चौथं काम: पाईप, ज्यात सगळा धोका आहे

एसटीपी बिघडला तर वास येतो, रंग बदलतो, कळतं. पाईप चुकीचा जोडला तर काही कळत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याच इमारतीत एका घराचं बाथरूम नव्याने केलं. मिस्त्रीने डक्टमध्ये हाताशी आलेली लाईन बेसिनला जोडून टाकली. ती फ्लशची होती. पाणी दिसायला स्वच्छ, दाब चांगला. घरातली दोन मुलं आठवडाभर त्याच पाण्याने दात घासत होती. धाकट्याला जुलाब सुरू झाले, आईला पाण्याला हलका दमट वास जाणवला आणि तिने मला फोन केला. मी किट घेऊन गेलो, वॉशबेसिनच्या नळाखाली ग्लास धरला, आणि तो वास मला ओळखीचा होता. मुलं बरी झाली. पण बाथरूमचं काम झाल्यावर तपासणी करायचा नियम तोवर आमच्याकडे नव्हता, आणि तो करणं माझं काम होतं. ते मी विसरलेलो नाही.

आता आम्ही वर्षातून एकदा, आणि कुठल्याही घरात नळकाम झालं की त्या घरात, बंद-चाचणी करतो. रविवारी सकाळी दहाला, चार दिवस आधी कळवून. गच्चीवरच्या घरगुती पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, फ्लशचा चालू ठेवायचा. प्रत्येक घरात बेसिन, शॉवर, गिझर, स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन, सगळे नळ उघडायचे. पाईपमधलं उरलेलं पाणी निघून जायला दहा मिनिटं द्यायची. त्यानंतरही ज्या नळाला पाणी येतंय तो फ्लशच्या लाईनवर आहे. मग उलटं करायचं: फ्लशचा व्हॉल्व्ह बंद, घरगुती चालू, आणि फ्लश टाकी भरते का बघायचं. शेवटी दोन्ही बंद. तेव्हा कुठेही थेंब यायला नको.

शंका राहिली तर फ्लशच्या टाकीत खाण्याचा निळा रंग टाका आणि नळांना निळसर पाणी येतं का बघा.

जेट स्प्रेकडे खास लक्ष द्या. तो कमोडशेजारीच असतो, म्हणून मिस्त्री टी लावून फ्लशच्या लाईनवरच जोडतात. जेट स्प्रेचं पाणी अंगाला लागतं. तो घरगुती लाईनवरच हवा.

एसटीपी बंद असताना फ्लशच्या टाकीत घरगुती पाणी सोडायची सोय सगळीकडे असते. तो पाईप टाकीच्या वरून यावा आणि त्याचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा पाईपच्या व्यासाच्या निदान दुप्पट उंच असावं. मध्ये मोकळी हवा असली की पाणी उलटं जाऊच शकत नाही. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह एकटा पुरत नाही, त्यात खडा अडकला की तो उघडाच राहतो. फ्लशच्या सगळ्या पाईपांना वेगळा रंग द्या, आणि बागेच्या नळाला चावी ठेवा, कारण खेळून दमलेलं मूल पाटी वाचत नाही.

टाकीत कुणीही उतरायचं नाही

एसटीपीच्या बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असताना वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. त्या क्षणी माणूस उतरतो, कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. संरक्षणाशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. पाचशे रुपये जास्त देऊन कुणी तयार होतो म्हणून त्याला खाली पाठवायचं नाही. गाळ सक्शनच्या गाडीने काढा. पंप आणि डिफ्युझर साखळीने वर ओढता येतील असे बसवून घ्या, जास्त पैसे पडले तरी.

मग पिण्याचं का नाही?

काकांच्या आरओकडे येऊ. आरओ उत्तम यंत्र आहे, पण घरचा आरओ महापालिकेच्या आधीच शुद्ध झालेल्या पाण्यावर चालतो. सांडपाण्यावर तो एकटा पुरत नाही. त्याच्या पडद्याची एखादी रबरी रिंग सरकली तर त्या फटीतून विषाणू सहज निघून जातात आणि टीडीएस मीटर जवळपास तोच आकडा दाखवत राहतो. टीडीएस मीटरला फक्त क्षार कळतात. प्रयोगशाळेत ई-कोलाय या मलातल्या जिवाणूचा निकाल यायला निदान एक दिवस लागतो, तोवर पाणी पिऊन झालेलं असतं. शिवाय ५४० माणसांच्या सांडपाण्यात एका घरातली काविळीची साथ किंवा एका रुग्णाची जड औषधं जितक्या तीव्रतेने येतात, तितकी ती लाखो लोकांच्या सांडपाण्यात येत नाहीत.

कॅलिफोर्नियाने डिसेंबर २०२३ मध्ये सांडपाणी थेट पिण्यासाठी वापरण्याचे नियम मंजूर केले. त्यात विषाणूंसाठी २० लॉग घट मागितली आहे. एका टप्प्याने दहातले नऊ पकडले की एक लॉग. उरलेल्या एकाचे पुन्हा दहा भाग करून नऊ पकडले की दुसरा. असं वीस वेळा. आणि हे एकाच यंत्राने करून चालत नाही, निदान चार वेगळ्या प्रक्रिया लागतात, म्हणजे एक फसली तरी बाकीच्या उभ्या राहतात. सोसायटीच्या तळघरात हे होणार नाही.

शहरात होऊ शकतं. वाट साधारण अशी असते: नायट्रोजनही काढून टाकणारं नीट जैविक शुद्धीकरण, मग मायक्रो किंवा अल्ट्राफिल्ट्रेशन, मग आरओ, मग हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून अतिनील किरण. शेवटचा टप्पा आरओच्या पडद्यातूनही निसटणाऱ्या छोट्या सेंद्रिय रेणूंसाठी. आरओचं पाणी क्षार निघून गेल्यामुळे पाईप खाणारं असतं, म्हणून त्यात चुना परत मिसळावा लागतो. कॅलिफोर्नियाची ऑरेंज काउंटी २००८ पासून असं पाणी जमिनीत मुरवते आणि विहिरींतून उपसते. सिंगापूर २००३ पासून ते मुख्यतः कारखान्यांना देतं आणि थोडं जलाशयात सोडतं. जमिनीत किंवा जलाशयात घालवलेले महिने म्हणजे चूक लक्षात यायला मिळालेला वेळ.

मुंबई आज सात तलावांवर जगते. रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी येतं, त्यातलं बहुतेक शंभर किलोमीटरच्या आसपासच्या डोंगरांतून. सात तलाव भरले की १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर साठा होतो आणि तो पुढच्या पावसापर्यंत पुरवायचा असतो. २०२४च्या जूनमध्ये दहा टक्के कपात झाली ती याच हिशेबाने. दुसरीकडे वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर इथे मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटरचे नवे सांडपाणी प्रकल्प बांधायचं काम हाती घेतलं आहे. म्हणजे आणलेल्या पाण्याच्या निम्म्याहून अधिक. आजवर यातलं बहुतेक समुद्रात आणि खाडीत जात आलं आहे.

माझ्या मते मुंबईने सुरुवात पिण्यापासून करू नये. चेंबूरची आरसीएफ ही खत कंपनी शहराचं सांडपाणी शुद्ध करून खतनिर्मितीत वापरते, नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. एसी प्लांटचे कूलिंग टॉवर, रेल्वेचे डबे धुणं, बांधकामं, कारखाने, हे सगळं त्यावर चाललं की तेवढंच भातसा-वैतरणेचं पाणी पिण्यासाठी मोकळं होतं. सोबत दोन कामं आजच करावी लागतील. एक, विंडहुकसारखं कारखान्यांचं पाणी वेगळं काढणं. दोन, समुद्राकाठच्या जुन्या वाहिन्यांत भरतीच्या वेळी शिरणारं खारं पाणी थांबवणं, कारण सांडपाणी जितकं खारं तितका आरओ महाग. सांडपाण्याच्या आरओला हजार लिटरमागे एक युनिटच्या आसपास वीज लागते, समुद्राच्या पाण्याला तीन ते चार. खारट सांडपाणी घेतलं तर हा फायदा हातचा जातो.

शेवटचं काम: चावी कुणाकडे?

एसटीपीच्या खोलीत एक वही ठेवा. रोजच्या नोंदी: जारची रेषा, गच्चीवरचं क्लोरीन, तीन मीटर, वास. आणि विंडहुकचा नियम त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा: जार, क्लोरीन, वास किंवा गढूळपणा यातलं एकही बिघडलं तर ऑपरेटरने फ्लशच्या टाकीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, पाणी गटारात सोडायचं आणि फ्लश घरगुती पाण्यावर टाकायचा. सेक्रेटरीला फोन नंतर. आम्ही हा ठराव वार्षिक सभेत मंजूर करून घेतला, कारण टँकरचा खर्च वाढला की ऑपरेटरला झापणारे लोक असतात, आणि त्या भीतीने तो खराब पाणी वर चढवतो.

गेल्या दिवाळीत नोटीस लावूनही कुणीतरी ॲसिड ओतलंच. सकाळी साडेसहाला जारमधलं पाणी दुधाळ दिसलं. ऑपरेटरने व्हॉल्व्ह बंद केला, वहीत वेळ लिहिली आणि मग मला फोन केला. दोन दिवस फ्लश घरगुती पाण्यावर चालला, तीन टँकर जास्तीचे मागवावे लागले. त्यांच्या पावत्यांवर सही करायला तिसऱ्या मजल्यावरचे काका स्वतः खाली आले होते.